न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को, सोळा दिवस आणि मधली अमेरिका

(वाचक विचारतात, ताई सांगते)

गेल्या दोन महिन्यांत अमेरिकेच्या रोड ट्रिपबद्दल इतकी पत्रं आलीत की म्हटलं एकदाच सगळ्यांना बसवून उत्तर देऊ. मी सात वर्षं न्यू जर्सीत होते, दोनदा गाडीने हा देश आरपार केला, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा मैत्रिणींबरोबर. दुसरी ट्रिप जास्त चांगली झाली, का ते नवऱ्याला माहितीये, तेव्हा पुढे जाऊया.

ताई, आम्ही तिघे मित्र, वय २२, २२ आणि २३. एकाचं तिकडे एमएस संपतंय, आम्ही दोघं इथून टुरिस्ट व्हिसावर जाणार. जूनमध्ये १६ दिवस आहेत. प्लॅन असा: न्यूयॉर्क, नायगारा, शिकागो, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, वेगास, एलए, सॅन फ्रान्सिस्को, आणि जमलं तर मायामी. रूट ६६ पण करायचाय. होईल ना? — तिघे, कोथरूड

नाही होणार रे बाळांनो.

आधी मायामी खोडा. न्यूयॉर्कहून मायामी म्हणजे खाली दोन हजार किमी आणि तुम्हाला जायचंय डावीकडे, ते म्हणजे नाशिकला जाताना जमलं तर गोवा करू असं झालं. आपल्याकडे श्रीनगर ते कन्याकुमारी एनएच-४४ आहे ना, तो साधारण पावणेचार हजार किमीचा, आणि न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को सरळ आय-८० या हायवेने गेलात कुठेही न वळता तरी साडेचार हजाराच्या वर जातं. तुमच्या यादीतली ठिकाणं जोडली की आठ हजार सहज होतात, म्हणजे रोज पाचशे किमी आणि एकही दिवस थांबायचं नाही. तिकडे पाचशे किमी पाच तासांत होतात हे खरं, पश्चिमेकडे ७५-८० मैलांचं स्पीड लिमिट असतं आणि रस्ता रुळासारखा सरळ, पण रोज पाच तास गाडी, मग पार्किंग शोधा, मग फोटो, मग मोटेल शोधा, आठव्या दिवशी तुम्ही तिघं एकमेकांशी बोलणार नाही. हे मी बघितलंय.

दोन रस्त्यांपैकी एक निवडा. उत्तरेचा म्हणजे नायगारा, शिकागो, तिथून आय-९० ने विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा, यलोस्टोन, मग सॉल्ट लेक सिटी आणि आय-८० ने सॅन फ्रान्सिस्को. हा सहा हजार किमीच्या आसपास बसतो, १६ दिवसांत आरामात नाही पण माणसासारखा होतो. दक्षिणेचा म्हणजे शिकागोहून रूट ६६ च्या बाजूने ग्रँड कॅन्यन, वेगास, एलए. जून असेल तर मी डोळे मिटून उत्तरेचा सांगेन, कारण जूनमध्ये वेगासजवळच्या वाळवंटात चाळीसच्या वर तापमान असतं आणि यलोस्टोनला मात्र तेव्हाच कुठे सगळे रस्ते उघडलेले असतात. नोव्हेंबर ते एप्रिल तिथले बहुतेक रस्ते बर्फामुळे गाड्यांना बंद असतात, हे हिवाळ्यात जायचं म्हणणाऱ्या इतर तीन पत्रांनाही उत्तर समजा.

आणि एक चूक जी सगळे करतात. मधला भाग "काही नाही तिथे, रात्री गाडी चालवून उडवून टाकू" असं म्हणतात. अरे मधला भाग हीच तर ट्रिप आहे! न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को विमानाने पण बघता येतं. साउथ डकोटात शिरलात की वॉल ड्रग नावाच्या एका दुकानाच्या पाट्या सुरू होतात, शेकडो मैल, "फुकट बर्फाचं पाणी", "पाच सेंटला कॉफी", आणि शेवटी तुम्ही तिथे थांबताच. १९३१ साली एका फार्मासिस्टने वॉल नावाच्या चिमुकल्या गावात औषधाचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक येईना, मग हायवेवर फुकट पाण्याची पाटी लावली, त्यावर आज अख्खा बाजार उभा आहे. त्याच्या शेजारी बॅडलँड्स, सूर्य कलला की त्या मातीच्या डोंगरांचे पट्टे गुलाबी होतात, तिथे एक रात्र ठेवाच. पुढे ब्लॅक हिल्समध्ये माउंट रशमोर, चार प्रेसिडेंटांचे चेहरे. ते बघताना एवढं लक्षात ठेवा की हे डोंगर १८६८ च्या करारात सरकारने तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांना दिले होते आणि सोनं सापडल्यावर काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई द्यायला सांगितली, लाकोटांनी ते पैसे आजवर घेतले नाहीत, डोंगर हवेत म्हणाले.

नायगाराबद्दल एक गोष्ट जी मॅप तुम्हाला सांगणार नाही. बफेलोहून पुढे निघताना मॅप कधीकधी सरळ कॅनडातून रस्ता दाखवतो, डेट्रॉइटपर्यंत तो जवळचा पडतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. सरहद्दीच्या पुलाच्या लायनीत घुसलात तर यू-टर्न मिळत नाही, म्हणून मॅपमध्ये क्लीव्हलँड मधला थांबा म्हणून आधीच टाका.

रूट ६६ चं म्हणाल तर तो १९२६ चा रस्ता, शिकागो ते सँटा मोनिका, १९८५ मध्ये सरकारी यादीतून काढून टाकला, त्यामुळे आता सलग नाहीये, तुकडे आहेत, मधेमधे हायवेच्या बाजूला गल्लीसारखा धावतो. त्यातला चांगला सलग तुकडा ॲरिझोनात सेलिगमन ते किंगमन. पण तुम्ही उत्तरेने जाताय ना, मग शिकागोत ॲडम्स स्ट्रीटवर त्याच्या सुरुवातीची पाटी आहे तिथे फोटो काढा आणि मान वळवा, समोर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत दिसेल. १८९३ च्या सप्टेंबरात विवेकानंदांचं ते भाषण याच इमारतीत झालं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पाटीचा फोटो काढून पिझ्झा खायला पळालो होतो, दुसऱ्यांदा कळलं.

रेंटल कारवाले २५ च्या खाली गाडी देत नाहीत असं ऐकलं. मग सेकंडहँड गाडी विकत घेऊन शेवटी विकली तर? — तेच तिघे

देतात, पण पैसे काढतात. बहुतेक कंपन्या २१ पासून देतात आणि २५ च्या खाली असलात की रोजची यंग रेंटर फी लावतात, साधारण २५ डॉलरच्या आसपास, म्हणजे १६ दिवसांचे चारशे डॉलर आणि तेही एका ड्रायव्हरचे. तिघंही चालवणार तर तिघांचे वेगळे लागू शकतात, म्हणून दोघांनाच कागदावर ड्रायव्हर करा, आणि ज्याचं नाव कागदावर नाही त्याने पार्किंगमध्ये सुद्धा स्टिअरिंगला हात लावायचा नाही, कारण त्याच्या हातून ठोकली तर इन्शुरन्स संपला. शिवाय एका शहरात घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर सोडायची म्हणून ड्रॉप फी असते, काही शे डॉलर, तारखेप्रमाणे खूप बदलते, म्हणून चार तारखा आणि चार शहरं टाकून बघा. एअरपोर्टऐवजी गावातल्या ब्रँचला कधीकधी बरीच स्वस्त पडते.

काउंटरवर मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं खरंखुरं क्रेडिट कार्ड लागतं. फोरेक्स कार्ड, डेबिट कार्ड, बाबांचं कार्ड यावर बऱ्याच ठिकाणी सरळ नाही म्हणतात. आणि हो, मित्राच्या कंपनीचा कॉर्पोरेट कोड (कर्मचाऱ्यांच्या सवलतीचा) टाकून बुकिंग करू नका. आयटीतली अर्धी जनता करते मला माहितीये, पण अपघात झाला आणि तुम्ही त्या कंपनीचे नाही हे निघालं की इन्शुरन्स हात वर करू शकतं.

इन्शुरन्समध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात ते नीट समजून घ्या. एक म्हणजे भाड्याच्या गाडीचं नुकसान, दुसरं म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्या माणसाचं किंवा त्याच्या गाडीचं झालेलं नुकसान. मुलं पहिलं घेतात आणि दुसरं वाचवतात, खरी भीती दुसऱ्याची आहे, तिथल्या हॉस्पिटलचं बिल आणि वकील हे प्रकरण तुमच्या वडिलांच्या फ्लॅटपर्यंत जाईल असं आहे. दोन्ही घ्या. तुमचा स्वतःचा ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स तिसरा, तो भारतातूनच काढून न्या.

गाडी विकत घ्यायचं डोक्यातून काढा. चार-सहा महिने राहणाऱ्यांना जमतं. तुम्हाला पत्ता लागणार, गाडीचं टायटल म्हणजे मालकीचा कागद नावावर करायचा, रजिस्ट्रेशन, भारतीय लायसनवर इन्शुरन्स देणारा शोधायचा, आणि शेवटी तिसऱ्याच राज्यात दोन दिवसांत गिऱ्हाईक. १६ दिवसांतले सहा ऑफिसच्या लायनीत जातील.

लायसन तुमचं भारतीय चालतं, त्याच्याबरोबर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, हजार रुपये फी आहे, एक वर्ष चालतं. ते नुसतं भाषांतर आहे, मूळ लायसन जवळ नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

आणि पार्कचे पैसे बजेटमध्ये जुन्या व्हिडिओ बघून धरू नका. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना वेगळा दर आहे, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन अशा ११ मोठ्या पार्कांत १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला नेहमीच्या तिकिटावर शंभर डॉलर जादा. वर्षभराचा पास परदेशी लोकांना २५० डॉलरला आहे आणि तो गाडीतल्या सगळ्यांना चालतो. तिघंही पाहुण्यांच्या दरात बसलात तर एका यलोस्टोनमध्येच तीनशे जादा जातील, म्हणजे पहिल्याच गेटवर पास वसूल, हिशोब तुम्हीच करा. मॉन्युमेंट व्हॅलीला मात्र हा पास चालत नाही, ती तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांची जमीन, त्यांचं तिकीट वेगळं.

आम्ही दोघी मैत्रिणी, २५ आणि २६. घरचे म्हणतात दोन मुलींनी असं अनोळखी देशात गाडी घेऊन फिरायचं नाही. खरंच धोका आहे का? आणि पोलिसांची भीती वाटते. — नाशिक

घरच्यांना ॲलिस रॅम्सीची गोष्ट सांगा. १९०९ साली २२ वर्षांची ही बाई मॅक्सवेल गाडी घेऊन न्यूयॉर्कहून निघाली आणि ५९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, बरोबर तीन बायका, तिघींपैकी एकीलाही गाडी येत नव्हती. पक्का रस्ता सगळा मिळून जेमतेम दीडशे मैल, बाकी चिखल. टायर स्वतः बदलायची. तुमच्याकडे गूगल मॅप आहे.

आता खरं सांगते. माणसांचा धोका तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी आणि रस्त्याचा धोका वाटतो त्यापेक्षा जास्त. झोप येणं हा सगळ्यात मोठा शत्रू, सरळ रस्ता, क्रूझ कंट्रोल, बाहेर तीन तास तेच गवत, डोळा कधी लागतो कळत नाही. दर दोन तासांनी बदला. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडायच्या आत मोटेल गाठा. पश्चिमेला टाकी अर्धी झाली की भरायची हा नियम. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना असा शंभर मैलांच्या वरचा पट्टा आहे, पेट्रोल पंप नाही, चहा नाही, काही नाही, आणि आम्ही "पुढे भरू" म्हणत पाव टाकीवर त्यात शिरलो होतो. एसी बंद करून, खिडक्या उघड्या टाकून, गणपतीचं नाव घेत सलायनाला पोचलो. वर फोनला रेंज नाही. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

मोटेल घेताना ज्याच्या खोल्यांची दारं आतल्या पॅसेजमध्ये उघडतात ते घ्या, थेट पार्किंगमध्ये उघडणारं नको. काउंटरवर बरेचदा गुजराती काका-काकू भेटतील, तिकडची निम्मी मोटेलं आपल्याच लोकांची आहेत, दोन वाक्यं हिंदीत बोललात तर वरच्या मजल्यावरची शांत खोली मिळते, कधी चहा पण. सॅन फ्रान्सिस्कोत गाडीत बॅग काय, चार्जरची वायर पण दिसेल अशी ठेवू नका, काच फोडतात. एवढ्या प्रवासात चोरीची भीती मला तिथेच वाटली, वायोमिंगमध्ये नाही.

पोलिसांचं असं की मागे लाल-निळे दिवे लागले की उजवीकडे सावकाश थांबायचं, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि गाडीतून उतरायचं नाही! आपल्याकडे उतरून साहेबांकडे चालत जायची सवय असते, तिकडे तो धोका समजतात. मी उतरले होते. नेब्रास्कात. तो बिचारा भला होता, ओरडून आत बसायला सांगितलं आणि वॉर्निंगवर सोडलं, पण माझे पाय अर्धा तास थरथरत होते. कागद काढायच्या आधी "पर्समधून काढते" असं सांगून मग काढा. पैसे द्यायचा विचार मनातही आणू नका.

रस्त्याचे चार नियम इथून शिकून जा. स्टॉपची पाटी म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता रिकामा असला तरी. चारही बाजूंनी स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि गंमत म्हणजे सगळे ऐकतात. लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं, न्यूयॉर्क शहरात मात्र नाही. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यांनी पण थांबायचं, मधे डिव्हायडर असेल तेव्हाच बहुतेक राज्यांत समोरच्यांना सूट असते.

अजून एक, हे तिघा कोथरूडकरांनीही वाचा. कॅलिफोर्नियात, कोलोरॅडोत गांजाची दुकानं उघड चालतात, पाट्या लागलेल्या असतात. राज्याचा कायदा तुम्हाला वाचवत नाही, केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच आहे, नॅशनल पार्क केंद्राची जमीन, आणि तुमचा व्हिसाही केंद्राचाच. "एकदा घेतला होता" एवढं कबूल केलं तरी पुढच्या वेळी दारातून परत पाठवू शकतात. दारूला वय २१ आणि गाडीत उघडी बाटली बहुतेक राज्यांत चालत नाही, मागच्या सीटवरच्याच्या हातात सुद्धा.

माझा मुलगा मित्रांबरोबर जाणार आहे. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. पंधरा दिवस काय खाणार? सोबत काय काय देऊ? — एक आई, सातारा

काकू, उपाशी नाही राहणार, पण कंटाळेल. शहरात सगळं मिळतं, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर तर आपला लक्ष्मी रोड वाटतो. खरा प्रश्न मधल्या चार-पाच राज्यांचा. तिथे मेक्सिकन दुकानात राजमा-भात घातलेला बरिटो मिळतो, तो पोटभरीचा, फक्त बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी आहे का ते विचारायचं. बटाट्याचे फ्राइज शाकाहारी असतील असं धरायचं नाही, तिथल्या एका मोठ्या बर्गर चेनच्या फ्राइजमध्ये बीफचा फ्लेवर असतो, त्यावरून हिंदू ग्राहकांनी २००१ मध्ये कोर्टात खेचलं होतं आणि कंपनीला माफी मागून पैसे द्यावे लागले. सूप व्हेजिटेबल म्हणतात पण पाणी चिकनचं असतं. "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही, "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग" असं पाढ्यासारखं म्हणायला शिकवा.

देण्यासारखं म्हणजे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, थेपले, दडपे नको पण भाजून ठेवलेले पोहे, गूळपोळ्या, चहाचा मसाला. कढीपत्ता ताजा देऊ नका, फळं-भाज्या नकोत, आणि तांदूळ, हरभरे पण नकोत, एका किडीच्या भीतीने भारतातून बॅगेत आणायला बंदी आहे. तिकडच्या विमानतळावर फॉर्मवर किंवा विचारलं तर "खायचं आहे" असं खरं सांगायचं, सांगितलं तर फार फार तर फेकून देतात, लपवलं तर दंड.

इथला छोटा कुकर नका देऊ, तिकडे वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची वस्तू नुसती कोमट होते. तिकडेच वीस-पंचवीस डॉलरला राइस कुकर मिळतो, मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि लहान फ्रिज बहुधा असतो, मूग डाळीची खिचडी होते. फोडणी मात्र करायची नाही. आम्ही केली, मोहरी तडतडली आणि त्याच क्षणी स्मोक अलार्म, अख्खं मोटेल पार्किंगमध्ये, रात्री साडेदहाला, एक आजोबा बाथरोबमध्ये. मॅनेजर बाई हसल्या, पण दुसऱ्यांदा हसल्या नसत्या.

पंपावर कार्ड चालत नाही असं का होतं? आणि टोल? — ठाणे

पंप पाच आकडी झिपकोड मागतो, तो कार्डाच्या पत्त्याशी जुळवतात, आपला पिनकोड सहा आकडी. आत जाऊन "पंप नंबर चार, चाळीस डॉलर" म्हणून आधी पैसे द्या, कमी भरलं तर बाकीचे परत मिळतात. पेट्रोल रेग्युलर म्हणजे ८७ ऑक्टेनचं घ्यायचं, डोंगराळ राज्यांत ८५ पण दिसतं, ते नको. डिझेलची नळी बऱ्याच ठिकाणी हिरवी असते, रंगावर जाऊ नका, वाचा. न्यू जर्सीत स्वतः भरायला कायद्याने मनाई आहे, आपल्यासारखा माणूस येतो.

टोल बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्याने कापतात, रोख घेणारं कोणी नसतंच. रेंटल कंपनी तो भरते आणि वर स्वतःची रोजची फी लावते, मला घरी आल्यावर दोन महिन्यांनी बिल आलं, टोल अठरा डॉलर, फी त्याच्या तिप्पट. गाडी घेतानाच विचारा फी कशी लावता, आणि मॅपमध्ये टोल टाळा करून बघा, मधल्या राज्यांत तसाही टोल फारसा नाही.

आमच्यापैकी कुणालाच गाडी नीट येत नाही. मग हे सगळं विसरायचं का? — दोघे, कोल्हापूर

अजिबात नाही, आणि प्लीज "तिकडे जाऊन शिकू" करू नका, उजव्या बाजूने, डावीकडचं स्टिअरिंग, पहिल्याच दिवशी न्यूयॉर्क. ट्रेनने जा. शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर नावाची गाडी रोज दुपारी निघते, ३,९०० किमी, ५० तासांच्या वर, दोन रात्री, रॉकीज आणि सिएरा नेवाडा दोन्ही डोंगर पार करून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे एमरीव्हिलला सोडते, तिथून बस. साधी सीटच घ्या, आपल्या स्लीपर कोचवाल्यांना ती राजेशाही वाटते, पाय पूर्ण पसरतात. काचेच्या छताचा एक डबा सगळ्यांसाठी असतो, डेन्व्हर सोडलं की लगेच तिथे जाऊन जागा धरा, कोलोरॅडो नदी तासन्‌तास खिडकीला चिकटून असते. जेवण सोबत घ्या, कॅफेत नूडल्स आणि सँडविच असलंच काहीतरी मिळतं. रुळ मालगाडी कंपन्यांचे आहेत त्यामुळे गाडी मधेच थांबते आणि तीन-चार तास उशीर झाला तर कुणी भुवई पण उचलत नाही, म्हणून पोचायच्या दिवशीचं परतीचं विमान काढू नका, मधे एक रात्र ठेवा.